उंबऱ्यावरचा ओला गोळा

ही गोष्ट खरी आहे. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. माझे आजोबा चंपत यांच्यासोबत १९३८ च्या चैत्रात घडलेली.

आमचं गाव मालेगाव-मेडशीच्या पट्ट्यातलं. नाव सांगत नाही. तेव्हा तलावातून निघालेला पाट बाजारातून वाहत यायचा आणि खालच्या भाजीच्या मळ्यांना पाणी द्यायचा. सगळ्यात शेवटी आमची वांगी. आमच्या आधी दौलतरावांची पाण्याची पाळी.

आपली पाळी संपली की पाटातल्या चिखलाचा एक गोळा पुढच्याच्या उंबऱ्यावर ठेवायचा, ही रीत. गोळा आला म्हणजे पाणी आपलं. दौलतरावांचा गोळा तर कोणीही ओळखायचं... उजव्या हाताची दोन बोटं उसाच्या चरकात गेलेली. गोळ्यावर तीनच ठसे.

त्या आठवड्यात पाणी आलंच नाही.

दौलतरावही दिसेनात.

वांग्यांनी माना टाकल्या आणि आजोबांचं डोकं फिरलं. दौलतरावांनी पाणी वरच्या वर विकलं आणि पळाले, असं ते पंचांना सांगून आले. दौलतरावांच्या मळ्याकडे वळणारं पाटाचं तोंड दुसऱ्या दिवशी सकाळी कायमचं बुजवायचं ठरलं.

दौलतरावांची बायको कस्तुराबाई आमच्या दारात आली.

“ते पाणी इकनारे नाईत, भाऊ. त्यायले काई तं झालं हाये.”

आजोबांनी मान फिरवली.

दिवे लागायची वेळ झाली. बाहेर थप्प... असा आवाज आला.

दार उघडलं. कोणीच नाही.

उंबऱ्यावर गोळा होता. पाणी निथळत होतं.

तीन ठसे...

आला लेकाचा, म्हणत आजोबा फावडं घेऊन धावले. पाट कोरडा. ते वर वर चालत गेले. बाजाराच्या मोरीत पाट जमिनीखालून जायचा; बाजार नसला की तिकडे कुत्रंही फिरकत नसे. तिथे पाणी तुंबून ओढ्यात फुटत होतं.

मोरीच्या तोंडाशी एक हात...

तीन बोटांचा.

अडकलेला काडीकचरा काढायला दौलतराव आत शिरले असावेत. जीव जाऊन दोन दिवस तरी झाले, असं म्हातारे म्हणाले.

मग गोळा कोणी ठेवला?

प्रेत काढलं आणि पाणी सुटलं. आता पाळी आमची होती. आजोबांनी तो गोळा उचलून कस्तुराबाईच्या उंबऱ्यावर ठेवला.

“वयनी, पाळी तुमची.”

तिने त्या ठशांत आपली बोटं ठेवली. रडलीसुद्धा नाही.

दौलतरावांच्या मळ्याचं पाणी तसंच चालू राहिलं. आता पाट बुजला, वरून रस्ता गेला. गोळा मात्र त्यांच्या घरी कोनाड्यात आहे. गेल्या उन्हाळ्यात मी मुद्दाम बघायला गेलो. हळूच बोट लावलं...

बोटाला चिखल लागला.