सगळ्यांना हो

नंदकिशोररावांना कॉम्प्युटरचं वावडं होतं असं नाही. कॉम्प्युटरलाच त्यांचं होतं. विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ त्या दुपारी मात्र, हिंदी मुलखातल्या मानसरोवर वसाहतीतल्या घरात कूलर घरघरत असताना, बाह्या सरसावून त्या जुन्या धुडासमोर बसला. शेजारी फोन स्पीकरवर टाकलेला. पलीकडे पुण्याहून लेक, अनुया.

मागे पलंगावर रत्नप्रभाबाई बसल्या होत्या. दोन वर्षांपासून त्यांना नवरा ओळखू येत नव्हता.

"भाईसाहब," त्या आताही संकोचून म्हणाल्या, "आमचे हे ऑफिसातून आले, की मी जाते हं. तुम्हाला उगाच त्रास."

जिच्या हातचा चहा पिण्यात हयात गेली, तिनं भाईसाहब म्हणावं! दर वेळी त्यांच्या काळजाचं पाणी व्हायचं. डॉक्टर म्हणाले होते, जुने फोटो दाखवून बघा. पहिला डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हाचे, अनुया चौथीत असतानाचे फोटो होते. पण जागा वाचवायला अनुयानं ते केव्हाच दाबून एका झिप फाइलीत कोंबले होते.

"बाबा, फाइलीवर राइट क्लिक करा. मग एक्स्ट्रॅक्ट. कुठे काढू विचारेल, 'घर' फोल्डर दाखवा."

"अगं, त्यात कौमुदीचे बारशापासूनचे फोटो आहेत."

"असू द्या, मतलब, त्यांच्याच शेजारी पडतील."

कौमुदी म्हणजे नात. ती तिकडे फोनपाशीच लुडबुडत होती. नंदकिशोररावांनी बटण दाबलं. कॉम्प्युटरनं विचारलं, याच नावांच्या फाइली इथं आधीच आहेत, त्या पुसून ह्या ठेवू का? गिऱ्हाइकांना बारीक अक्षरं वाचायला बजावण्यात ज्यांची नोकरी गेली, त्यांनी स्वतः ती वाचली नाहीत. 'सगळ्यांना हो' दाबून ते मोकळे झाले.

हिरवी पट्टी सरकू लागली.

आधी वाळ्याचा वास आला, ओला, ताजा. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या तर कैक उन्हाळ्यांत बदलल्या नव्हत्या. मग भिंत पूर्वीसारखी पिस्ता रंगाची वाटली. उन्हाची तिरीप असेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं. पाय लांब केला तर गुडघ्यातली कळ कुठे दडी मारून बसली होती कोण जाणे.

पट्टी भरली.

"अहो!"

त्यांचा हात माउसवरच राहिला. या घरात अशी हाक ऐकून दोन वर्षं झाली होती.

"इतका वेळ काय बघताय त्या डबड्यात? चहा टाकू ना?"

ते वळले. रत्नप्रभाबाई दारात उभ्या होत्या. ताठ. वेणी काळीभोर.

"मी... मी कोण?" त्यांनी विचारलं.

"ऊन लागलं की काय तुम्हाला? नवरा माझा, दुसरं कोण!"

नंदकिशोरराव ओक्साबोक्शी रडले, रडता रडता हसले. सगळे डॉक्टर, सगळ्या गोळ्या एकीकडे आणि आपलं एक क्लिक एकीकडे! "अनुया, जिंकलो गं! आईनं ओळखलं मला!" ते फोनकडे बघून ओरडले. उत्तर आलं नाही. रेंजचा लपंडाव नेहमीचाच.

चहा आला. आलं ठेचून घातलेला, साखर त्यांना लागते तेवढीच. असा आनंद त्यांना लग्नातही झाला नव्हता.

"पटकन संपवा," रत्नप्रभाबाई दुधाचं पातेलं गॅसवर ठेवत म्हणाल्या. "अनुयाची शाळेची ऑटो येईल आता."

ते हसले.

मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.

फाटकाशी ऑटोचा हॉर्न वाजला. दाराबाहेर छोटे बूट भिरकावल्याचा आवाज झाला.

"आई! ऑटोवाल्या भैयानं आज लवकर सोडलं!"

लाल रिबिनींची एक मुलगी धावत आली आणि त्यांच्या कमरेला बिलगली. केसांना उन्हाचा, घामाचा वास होता. त्यांनी तिला उचललं. रत्नप्रभाबाई कौतुकानं बघत होत्या. सगळं, सगळं परत मिळालं होतं.

टेबलावरचा फोन चालूच होता. पुण्याच्या घरात कौमुदी एकेका खोलीत जाऊन हाका मारत होती, "आई? आई?"