बाहेरून कडी

“कडी बाहेरून होती. बाहेरची कडी आतला माणूस लावत नाही. एवढं समजायला फार शिकावं लागत नाही. तरी अख्ख्या नाटक कंपनीत एकालाही ते समजलं नाही, म्हणे. झोपलेल्याला जागं करता येतं. सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार?”

एवढं बोलून दिवेवाले काका थांबले. तालीम संपली होती. नाटकातली पोरं चपला शोधत होती, ती तशीच खाली बसली. काकांनी मंचावरचे दिवे एकेक करून मालवले आणि कोपऱ्यातला एक तेवढा ठेवला.

“कुणाबद्दल बोलताय काका?” एका मुलीनं विचारलं.

“नाव मी घेणार नाही. आमच्या शेजारच्या मुलीच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे. तिनं स्वतः सांगितली मला, आमच्या स्वयंपाकघरात बसून. समोरचा चहा निवून त्यावर साय धरली, पण तिनं कपाला हात लावला नाही.”

आणि काका सांगू लागले.

ती मुलगी जुन्या ऑपेरा हाउसमध्ये गाइड होती. लाल मखमलीच्या खुर्च्या, एकावर एक तीन सज्जे, छतावर रंगवलेले ढग. बघायला येणारे लोक पुढच्या बाजूला आ वासून उभे राहायचे. तिला मात्र मागची बाजू आवडायची. तिथं रंगवलेल्या जंगलाला रंगवलेला राजवाडा टेकून उभा असायचा, आणि दोरखंड इतक्या उंच गेलेले की त्यांचं वरचं टोक दिसायचं नाही.

सगळ्यात शेवटी ती लोकांना तळघरात न्यायची, प्रॉम्प्टरची जागा दाखवायला. रंगमंचाच्या ऐन पुढच्या कडेला कासवाच्या पाठीसारखं एक लाकडी टोपण होतं. मंचाच्या बाजूनं त्याला हातभर फट. त्याच्या खाली एक माणूस कसाबसा बसेल एवढं खोपटं. तिथं बसून प्रॉम्प्टर गाणाऱ्याला शब्द द्यायचा. खोपट्याचं दार तळघरात उघडायचं, आणि दाराला बाहेरून कडी.

त्या दाराशी उभं राहून तिला एक विनोद सांगावा लागे. मॅनेजरनं लिहून दिलेला. “इथं कुजबुजे मास्तर नावाचे प्रॉम्प्टर होते. एका रात्री ढोसून आत आडवे झाले ते झालेच. पहिल्या रांगेत अजून वास येतो म्हणतात.” लोक हसायचे. फोटो काढायचे.

कुजबुजे मास्तर तिच्या आईचे वडील.

आईला हा विनोद शाळेत ऐकावा लागला होता, लग्नात ऐकावा लागला होता. दारुड्याची मुलगी. मास्तर दमेकरी होते, दारूला शिवत नव्हते, असं आई जन्मभर सांगत आली. ज्या झाडूवाल्याला ते सकाळी सापडले, तोही मरेपर्यंत सांगत होता की कडी मला काढावी लागली. पण झाडूवाल्याचं कोण ऐकतं? मुलगी मॅनेजरला म्हणाली होती, हे खोटं आहे, काढून टाका. मॅनेजर म्हणाला, “पुरावा आण. तोवर वाक्य म्हण आणि पुढं चल.” नातं तिनं सांगितलं नव्हतं. पुराव्यासाठीच ती ही नोकरी धरून बसली होती.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. दुपारी मॅनेजरचा फोन आला. “रात्री किल्ल्या घेऊन ये. उद्या रंगमंचाला सम्राटांचं नाव द्यायचंय. आज त्यांना एकट्यांना सगळं दाखवू.”

सम्राट म्हणजे त्या काळचे मोठे गायक नट. लोकांनीच दिलेली पदवी. आता ऐंशी ओलांडलेली. मास्तर गेले त्या रात्री मुख्य भूमिका त्यांचीच होती.

ते पावणेदहाला आले. सून हात धरून होती.

“बाबा, पुढं पायरी आहे.”

“अगं, या पायऱ्यांवरून मी धावलोय. त्यांनाच सांग, मी येतोय म्हणून.”

मेकअपच्या खोलीत एका डागाळलेल्या आरशापुढं ते उभे राहिले. “हा मला ओळखत नाही. राहू दे. मीही त्याला कुठं ओळखलं?” सून हसली. मॅनेजर जरा जास्तच हसला. म्हाताऱ्याचा राग यावा असं काहीच नव्हतं, आणि त्याचाच मुलीला राग येत होता.

तळघरात मॅनेजरनं डोळा मारला. “सांग की मास्तरांची गंमत.”

तिनं सांगितली नाही. कडी काढून दार उघडलं. आत एक मोडकं स्टूल आणि धूळ. तिनं सम्राटांना विचारलं, “त्या रात्री तुम्ही होतात ना? ही कडी कुणी लावली होती?”

“कसली कडी, बाळ? पिऊन पडला होता बिचारा. माणूस मात्र चांगला हो.”

बिचारा म्हणाले. दाराकडं बघितलं नाही. तिनं दार ओढून पुन्हा कडी घातली आणि सगळे वर आले.

रंगमंचावर एकच दिवा होता. सून आणि मॅनेजर पहिल्या रांगेत बसले. सम्राट न चुकता मधोमध आपल्या जागी जाऊन उभे राहिले, टोपणापासून दोन पावलांवर. “प्रवेशाचं पद म्हणतो,” म्हणाले. मुलगी विंगेत उभी होती.

पहिली ओळ आली. आवाज थकलेला, पण खणखणीत. दुसरी ओळ...

आली नाही.

ते थांबले. सुनेनं मान खाली घातली.

मग खालून शब्द आला.

अगदी हलका. गाणाऱ्याच्या अर्धा श्वास आधी. सम्राटांनी मान किंचित कलती केली, खाली न बघता तो उचलला आणि गात राहिले. मॅनेजरनं विंगेकडं बघून अंगठा वर केला. त्याला वाटलं, शब्द मुलीनंच दिला.

तिचे ओठ मिटलेले होते.

पुढचा शब्द. मध्ये श्वास. श्वासात घरघर, छातीत शिट्टी अडकल्यासारखी. पुन्हा शब्द. आई सांगायची, बाबा बोलताना मधेच असं वाजायचं...

कडवं संपलं. दुसरं सुरू झालं. चाल तीच होती.

शब्द वेगळे होते.

“कडी... मी... लावली.”

सम्राटांनी तोंडावर हात ठेवला. हाताआडून गाणं येतच राहिलं. उभ्या जन्माची सवय ती. खालून शब्द आला की घ्यायचा, विचार मग करायचा. जीभ त्यांची राहिली नव्हती.

“मध्यंतरात म्हणाला, दम कोंडतोय... मला वर जाऊ दे.

“मी म्हणालो... तिसरा अंक मला येत नाही.

“कडी लावली.

“त्यानं शब्द दिले. शेवटपर्यंत दिले.

“पडदा पडला. खालून ठोकलं.

“मी ऐकलं.”

“पण काका, मास्तर ओरडले का नाहीत?” अंधारातून एका मुलानं विचारलं.

“प्रयोग चालू असताना प्रॉम्प्टर ओरडत नाही रे. त्याचा आवाज पहिल्या रांगेला ऐकू गेला तर ती त्याची नाचक्की. मरण परवडलं. पडदा पडायची वाट बघत बसले असतील. तोवर ओरडण्यापुरता श्वास कुठला उरायला?”

काका पुढं सांगू लागले, पण आवाज खाली आला होता.

“लोक वन्स मोअर म्हणत होते,” सम्राट गात होते. “ठोकणं चालू होतं. मी वन्स मोअर घेतला... मग फुलं घेतली... मग घरी गेलो. विसरलो नव्हतो. मधेच वर जायचं म्हणाला, त्याचा धडा शिकवायचा होता.”

पद संपलं. म्हातारा गुडघ्यांवर बसला. सून धावत वर आली आणि तिनं त्यांना धरलं.

शांतता...

आणि खालून, तसाच हलका आवाज.

“वन्स मोअर.”

ते उठले.

पहिल्यापासून गायले. डोळ्यांतून पाणी, मान नाही नाही म्हणते आहे, आणि तोंड गातं आहे. संपलं.

“वन्स मोअर.”

मॅनेजर आणि मुलगी तळघरात धावले. कडी तिनं घातली तशीच होती. तिनं ती काढली. आत स्टूल. स्टुलावर धूळ. कुणी नाही. वर मात्र गाणं चाललेलं. मॅनेजर उलट पावली पळाला, जिन्यात पडला, उठून पुन्हा पळाला.

ती तिथंच राहिली. “आजोबा,” म्हणाली.

घरघर थांबली. कुणीतरी ऐकत होतं. पुरे म्हटलं असतं तर पुरे झालं असतं, असं तिला आजही वाटतं. शब्द जिभेवर आला होता. पण आईचं लग्न... मांडवातलं ते हसणं...

ती पुरे म्हणाली नाही.

“वन्स मोअर.”

आवाज फाटला. मग नुसता श्वास. मग नुसते ओठ. पहाटे कधीतरी खालून शब्द यायचे थांबले, तेव्हा म्हातारा सुनेच्या मांडीवर डोळे उघडे ठेवून पडला होता. जिवंत होता.

नाव देण्याचा समारंभ झाला नाही. सुनेनंच नको म्हणून कळवलं. मॅनेजरनं तो विनोद कुणी न सांगताच काढून टाकला आणि रात्री त्या इमारतीत पाऊल टाकायचं सोडलं. मुलीनं सगळं आईला सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “दारू नव्हती ना?”

“नव्हती.”

“मी सांगत नव्हते?” आई म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून बराच वेळ बसली.

दोन महिन्यांनी सम्राटांची सून मुलीच्या दारात आली. मुलीला वाटलं, भांडायला आली. ती भांडली नाही. उंबऱ्यापाशीच उभी राहून बोलली. म्हणाली, त्या रात्रीपासून त्यांना आपणहून एक शब्द बोलता येत नाही. तहान लागली तर माझ्या तोंडाकडं बघत बसतात. मी हळूच ‘पाणी’ म्हणायचं, मग ते ‘पाणी’ म्हणतात. मी ‘दुखतंय’ म्हणायचं, मग ते ‘दुखतंय’ म्हणतात. डॉक्टरांना काही सापडत नाही. दिवसभर त्यांना शब्द मी देते.



सून जायला वळली, आणि जिन्यावर थांबली. “तेवढ्यासाठी नव्हते आले मी,” ती म्हणाली. “रात्री घरात आम्ही सगळे झोपलेले असतो. आणि ते उजाडेपर्यंत बोलत असतात. तेव्हा त्यांना शब्द कोण देतं?”