वाफेतली हाक

सुट्टीला निघताना कुणी चष्मा विसरतं, कुणी चार्जर विसरतं. ताई गळ्यातली मापाची टेप काढायला विसरली होती. घाटाची निम्मी वळणं चढून झाल्यावर गाडी चालवणाऱ्या तिच्या धाकट्या भावाला ती आरशात दिसली.

"ताई, डोंगराला कोट शिवायचाय का गं?"

"शिवू दे की," मागून आई म्हणाली. "माझा तरी कुठे धड शिवलाय. काखेत काचतो मेला."

आईच्या बोलण्याला अशी एक टाचणी कायम लावलेली असायची. ताईला ती टोचत नसे. न टोचली तरच चुकल्यासारखं वाटे. उभा जन्म आईनं शिलाई मशीनवर वाकून काढला होता. दोन्ही पोरं त्याच मशीनच्या खडखडाटावर वाढली. त्या वाकण्यानं आईचा उजवा खांदा कायमचा खाली उतरला होता, पाखराचा पंख निखळून लोंबावा तसा. ताईनं तिच्या प्रत्येक कपड्याच्या उजव्या खांद्यात लोकरीची गादी बसवली होती. वरून बघणाऱ्याला दोन्ही खांदे सारखे दिसत. ही गोष्ट मायलेकींपुरतीच होती. भावालासुद्धा ठाऊक नव्हती.

हल्ली गुडघेही गेले होते. रात्र रात्र आई कण्हायची आणि सकाळी विचारलं की म्हणायची, "मी कुठे? मांजर असेल." शेवटी भावानंच हे ठरवलं. डोंगरातली गरम पाण्याची कुंडं, दोन दिवस, सगळ्यांनी मिळून. ताईचा नवरा कामात अडकला. ताईची लेक चिमणी मात्र आजीच्या मांडीवर बसून वळणं मोजत होती आणि दर वळणाला चुकत होती.

डोंगराच्या कुशीत एक लांबलचक लाकडी इमारत होती. आत शिरताच वास आला, नुकत्याच विझवलेल्या काडेपेटीच्या काडीचा. खिडक्यांच्या काचांवर आतून पाणी ओघळत होतं. फरशी अनवाणी पावलांना कोमट लागायची, जणू खाली कुणीतरी झोपलंय आणि त्याच्या अंगाची ऊब वर येतेय.

बायकांच्या कुंडाच्या दाराशी टॉवेल देणारी बाई बसली होती. टॉवेलांच्या घड्या घालता घालता ती दिवसातून शंभरदा म्हणत असावी तसं म्हणाली, "साबण लावायचा नाही. बुडी मारायची नाही. वाफेत कुणाला नात्यानं हाक मारायची नाही, नावानं मारा."

"म्हणजे काय, लेकीनं मला नावानं बोलवायचं?" आई म्हणाली. "तेवढंच राहिलंय."

"तसंच आहे इथे," बाई म्हणाली आणि पुढचा टॉवेल उचलला.

दिवस अजून कलायचा होता, तरी आत वाफेनं उजेड दुधासारखा दाट होता. कुंडाच्या पायऱ्या पाण्यात उतरत होत्या, पुढच्या दिसत नव्हत्या. चिमणी काठावर पाय सोडून बसली. आई कठड्याला धरून एकेक पायरी उतरली, प्रत्येक पायरीला एकेक शिवी देत. पाणी गळ्याशी आल्यावर मात्र ती गप्प झाली. तिचे डोळे मिटले.

"बरं वाटतंय का गं?"

"उकडलेल्या बटाट्यासारखं वाटतंय," आई म्हणाली. "पलीकडे धार पडते ना, तिच्याखाली गुडघे धरते जरा."

ती सरकली. वाफेनं आधी तिचे केस घेतले, मग उतरता खांदा.

धारेचा आवाज येत राहिला. ताई वाट बघत राहिली. पाण्यावर कुठे हालचाल दिसेना. वाफ जवळ आली, इतकी की काठावरची चिमणीही पुसट झाली.  आईला पोहता येत नव्हतं.

"आई!"

काही नाही.

"आई गं!"

"ओ," वाफेतून आवाज आला. "आले."

आई आली. ताईचा जीव भांड्यात पडला. आई तिच्या शेजारून गेली आणि कठड्याला हात न लावता, तरुण बाईसारखी पायऱ्या चढून वर गेली.

जेवणाच्या टेबलावर भावाला आनंद मावत नव्हता. "बघ, उगाच नाही आणलं! आई, गुडघे?"

"छान आहेत."

"पाणी?"

"छान आहे."

ताईनं चमचा खाली ठेवला. आईच्या तोंडून हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. आईला फार म्हणजे फार आवडलं तर ती म्हणायची, "चालेल." आणि आता ती अळणी सूप पीत होती, कुणाकडे मीठ मागत नव्हती, खुर्चीच्या पाठीला न टेकता ताठ बसली होती. थंडी म्हणून तिनं कोट घातला होता. कोटाचा उजवा खांदा कानाच्या दिशेनं वर आला होता. आत कुणी मूठ धरून बसावं तसा.

ताई बघत राहिली. गादी तीच होती. टाकेही तिचेच होते. खाली उतरलेला खांदा तेवढा नव्हता.

त्या रात्री चिमणी आजीजवळ झोपायला तयार होईना. "आजीला वासच नाहीये," ती म्हणाली. मशीनच्या तेलाचा आणि बामाचा मिळून जो एक वास आईला होता, तो पोरीच्या झोपेचाच भाग होता. ताईनं तिला स्वतःच्या पांघरुणात घेतलं. बोलायचं तरी काय? माझी आई बरी झाली म्हणून मला भीती वाटतेय, असं कुणाला सांगता येतं?

सकाळी भाऊ सामान गाडीत टाकत होता. ताईनं कोटाचं एक बटण मुद्दाम तोडलं आणि सुईदोरा आईपुढे धरला.

"तूच लाव. माझं तुला आवडत नाही."

आईनं हसून सुई घेतली. चष्म्याशिवाय, एका दमात दोरा ओवला. ताई थांबली. ती पोर असल्यापासून एक खेळ होता. दोरा ओवताना आई पहिली ओळ म्हणायची आणि लेकीनं दुसरी म्हणायची. म्हटली नाही तर दोरा नेढ्यातून जायचाच नाही, अशी आईची धमकी. आज आईनं ओळ म्हटलीच नव्हती. शेवटी ताईनंच सुरुवात केली.

"सुईबाई, सुईबाई, उघड नेढ्याचं दार..."

आईनं मान वर केली. "छान आहे गं गाणं."

 ताईनं अगदी हळू विचारलं, "आई, तुझं नाव काय?"

"हे काय विचारणं झालं?" आई गोड हसली. "आई."

दारातून भाऊ खदखदला. "ताई, पाण्याची वाफ तुझ्याच डोक्यात गेलीये. चला, गाडीत बसा."

गाडीपाशी आल्यावर ताई म्हणाली, टॉवेल राहिला. चिमणीचे दोन्ही गाल धरून तिनं बजावलं, "गाडीतून उतरायचं नाही. काही झालं तरी. समजलं?" चिमणीनं मान हलवली. मागच्या सीटवर तिच्या शेजारी आई बसली होती, हात मांडीवर ठेवून.

कुंडाच्या दाराशी तीच बाई, त्याच घड्या.

"काल मी नात्यानं हाक मारली," ताई म्हणाली.

बाईचे हात थांबले. "ओ दिली कुणी?"

"हो."

"मग जे आलं ते घेऊन जा. लोक नेतात. तक्रार करायला कुणी परत येत नाही."

"आणि माझी?"

बाईनं फक्त टॉवेलांचा गठ्ठा उचलून वाट मोकळी केली.

आत वाफ कालच्याहून दाट होती. ताई पहिल्या पायरीवर उभी राहिली. आईचं नाव तिच्या तोंडातून कधी निघालंच नव्हतं. ते वडिलांच्या तोंडी असायचं, आणि वडील गेल्यावर नुसतं कागदावर उरलं होतं. दोन अक्षरं, पण जीभ वळेना. परक्या घरात चपला घालून शिरल्यासारखं वाटत होतं.

तिनं हाक मारली.

धार पडत होती. तिनं पुन्हा मारली, मोठ्यानं.

"मेले," वाफेतून आवाज आला, चिरका, थकलेला. "आईला नावानं हाक मारतेस होय गं?"

ताईला रडू फुटलं. "कुठे आहेस गं?"

"कुठे म्हणजे? शिजतेय. पायरी सापडत नाही कालपासून. ये, हात दे."

ताई कपड्यांनिशी उतरली. गुडघ्यापर्यंत. कमरेपर्यंत. पाणी काठाशी होतं तेवढं गरम आत नव्हतं.

"बोलत राहा गं, मला दिसत नाहीयेस."

आई गुणगुणली, "सुईबाई, सुईबाई, उघड नेढ्याचं दार..."

ताई पुढे सरकत म्हणाली, "दोरा उभा उंबऱ्याशी, थंडी बाहेर फार."

तिच्या बोटांना बोटं लागली. मग कोपर. मग तो खांदा, उतरता, आपला. ताईनं तो घट्ट धरला आणि मागे वळली.

मागे सगळं पांढरं होतं.

दार करकरलं.

"आई!" चिमणीचा आवाज. "आई, आजीनं सांगितलं तुला हाक मारून आण!"

ताईनं तोंड उघडलं. वाफ घशात गेली आणि ठसका लागला.

"ओ गं बाळा," कुणीतरी म्हणालं. काठाजवळून. ताईच्याच आवाजात. "आले."

ओली पावलं पायऱ्या चढली, कठड्याला हात न लावता.

ताईनं लेकीला हाक मारली, तिच्या खऱ्या नावानं. पुन्हा मारली. ती पुढे धावली, आईला ओढत. पायाखाली पायरी लागेना.

"चल ना, मामा केव्हाचा हॉर्न वाजवतोय," चिमणी लांबून म्हणाली. मग जरा थांबून, "आई, तुझी टेप कुठे गेली?"

टेप ताईच्या गळ्यात होती. तिची दोन्ही टोकं पाण्यावर तरंगत होती.

"असू दे गं," दाराबाहेरून उत्तर आलं. "छान आहे."