भरडखोलची हाक

सकाळचा चहा झाला की भरडखोलच्या बायका होडीत बसून पिंजऱ्यांकडे निघत. बंदरासमोर जाळ्यांचे मोठाले गोल पिंजरे तरंगत असत आणि त्यांत कुपा, म्हणजे ट्यूना माशांची पिल्लं वाढत. होडीच्या फळीवर दांडक्याने दोन सावकाश ठोके, जराशी उसंत, मग तीन घाईचे ठोके. एवढं झालं की पिल्लं अंगणातल्या कोंबड्यांसारखी धावत येत. मग तारली माशांचा चुरा टाकायचा. एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत हे काम चाले. आपण मोठं संशोधन करतोय, याचं त्यांना काही कौतुक नव्हतं.

कौतुक होतं तनुजा चोगलेला. ती याच गावची, आता समुद्रजीवशास्त्रज्ञ. लहानपणी खाणं मिळताना ऐकलेला आवाज कुपा जन्मभर विसरत नाही, हे तिने सिद्ध केलं होतं. या गुणाला तिने ‘ध्वनिस्मृती’ म्हटलं. पिल्लं समुद्रात सोडा, हजारो मैल भटकू द्या. मोठी झाल्यावर भर समुद्रात तोच आवाज पाण्याखाली वाजवा, की ती आपल्या पायांनी यावीत तशी येतात. माशांना पाय नसतात, पण तनुजा आनंदात असली की असंच बोलायची.

आवाज कुठला घ्यायचा, हा प्रश्नच नव्हता. त्या किनाऱ्यावर प्रत्येक गावाची आपापली हाक होती. धुकं पडलं की बंदरातून फळीवर ठोके द्यायचे आणि पाण्यात बुडवलेल्या बांबूला कान लावून बोटवाल्यांनी ते ऐकायचे. हाक ऐकू आली की आधी सुकाणू तिकडे वळवायचं, प्रश्न मागाहून विचारायचे. या शिस्तीवर कित्येकांचे जीव वाचले होते.

म्हणूनच हसुराम नाखवा सहजी तयार झाला नव्हता. तो गावातला जुना बोटवाला. त्याच्या शब्दाबाहेर बंदर नव्हतं.

“पोरी, पिल्लांसाटी किनाऱ्याची जाली आमी बंद करू, कळ काडू,” तो म्हणाला होता. “पन हाक आमची हाय. ती दुसऱ्याच्या हातात जायाची नाय, येवढं तू बोल.”

“नाही जायची, नाखवा. ती मी वाजवीन. फक्त मीच.”

गावाने खरंच कळ काढली. जाळी बंद होती तेवढी वर्षं तरणे लोक दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून राबले, आणि पिंजऱ्यांतली पिल्लं मोठी होऊन समुद्रात गेली.

पंचाईत पुढे झाली. शेजारच्या देशानेही आपली पिल्लं आपल्या आवाजावर वाढवली होती. दोन्हीकडचे कुपा चरायला जात ते खुल्या समुद्रात, जिथे कोणाचीच हद्द नाही. तिथे बोटी एकमेकींवर धडकू लागल्या, जाळी कापली जाऊ लागली. शेवटी वाटाघाटी सुरू झाल्या. आपल्या बाजूचे प्रमुख होते डॉ. अच्युत धारप, तनुजाचे गुरू. पहिली दुर्बीणही तिला त्यांनीच भेट दिली होती, आणि ते वाटाघाटींना बसले की ती निर्धास्त असे.

शेजाऱ्यांचे प्रमुख, कप्तान इल्यास मोजकं बोलत. “मासा ज्याला ओळखतो, त्याचा मासा,” ते म्हणाले, आणि करार त्या एका वाक्यावर उभा राहिला. खुल्या समुद्रात एक रेषा आखायची. आपापल्या बाजूला आपापली हाक द्यायची. परक्याची हाक द्यायची नाही आणि रेषा ओलांडायची नाही. ओलांडली तर बोट जप्त, आणि त्या गावाचा हक्क कायमचा संपला.

पहिल्या हाकेच्या दिवशी दोन्ही देशांची माणसं एका जहाजावर जमली. रेषेच्या अलीकडे भरडखोलच्या बोटी वाट पाहत थांबल्या होत्या, सगळ्यांत पुढे हसुरामची. पहिली पाळी शेजाऱ्यांची होती. त्यांच्या बाजूला ध्वनियंत्र पाण्यात उतरलं. तनुजाने कौतुकाने पाण्याखालचे आवाज ऐकायचा हेडफोन कानाला लावला. त्यांचा आवाज शंखाच्या घुमण्यासारखा असतो, असं तिने ऐकलं होतं.

दोन सावकाश ठोके. उसंत. तीन घाईचे.

रेषेपलीकडे पाणी खळबळलं आणि चंदेरी पाठी वर येऊ लागल्या. भरडखोलच्या बायकांनी चुरा भरवून वाढवलेले मासे विश्वासाने परक्या जाळ्यात शिरत होते.

“चोरी!” ती इल्यासांवर ओरडली. “ही आमची हाक आहे!”

इल्यास गोंधळले. “पण मॅडम, ही आम्हाला तुमच्याच शिष्टमंडळाने दिली. करारात वेगळं कलम आहे. तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

ती वळली. धारप नजर चुकवत कठड्यापाशी उभे होते.

“सर?”

“तनुजा, समुद्राच्या तळाशी धातूंचे गोळे आहेत. ते उपसायला शेजाऱ्यांची संमती हवी होती. त्यांना मासे हवे होते.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच समजूतदार होता. “देशाचा फायदा बघायचा असतो. तुझ्या गावाला नवी पिल्लं देऊ, नवा आवाज देऊ.”

“नवा आवाज? त्या लोकांनी आपली हाक माझ्या हाती सोपवली होती, सर. मी तुम्हाला दिली, कारण तुम्ही मागितलीत. मी एकदाही विचारलं नाही, कशाला हवी म्हणून.”

“तुला सांगितलं असतं तर तू मोडता घातला असतास.”

एवढं शिकवलेल्या माणसाने इतक्या सहज आपल्याला विकावं! धारपांना तिने आणखी काही ऐकवलं असतं, पण तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, “बोटी! बोटी निघाल्या!”

हसुरामची बोट रेषेकडे झेपावत होती आणि मागोमाग गावच्या सगळ्या बोटी. क्षणभर तिला काही कळेना. मग कळलं. त्यांनी बांबूला कान लावला होता. पाण्यातून गावची हाक येत होती, आणि ती फक्त तनुजाच देणार होती. म्हणजे पोरगी बोलावते आहे. आधी सुकाणू वळवायचं, प्रश्न मागाहून.

शेजाऱ्यांची गस्तीबोट त्यांच्या रोखाने निघाली. तनुजाने वायरलेस ओढून घेतला.

“नाखवा, थांबा! बोटी थांबवा! रेषा ओलांडू नका!”

“आगो, तूच बोलावतंस ना?” हसुरामचा आवाज हसरा होता. “मासा पन निंगालाय बग, सगला आपलाच!”

“मी नाही बोलावत! हाक आपल्या हातात राहिली नाही, नाखवा. दिली त्यांना.”

पलीकडे इंजिनं मंदावली. हसुरामची बोट अगदी रेषेवर येऊन डुलत उभी राहिली. पाण्याखाली ठोके चालूच होते.

“कोनी दिली?”

धारपांनी मान हलवून तिला गप्प राहण्याची खूण केली. तिने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

“आपल्याच माणसांनी, नाखवा.”

मग म्हाताऱ्याने विचारलं, आवाज जराही न चढवता.

“आपल्याच म्हंजे कोन गो, पोरी? त्यात तू पन हायस का?”