खालच्या बागेतली थंडी

डोंगर जितका चढावा तितकी हवा गार होत जाते, हे कुरंजवाडीच्या शाळेत सगळ्यांना पाठ होतं. मग डोंगराच्या तळाशी, सगळ्यांत उबदार जागी लावलेल्या शेवग्यालाच शेंगा का धरत नव्हत्या?

सोनकीला याचं उत्तर आज हवं होतं, आणि तेही अंधार पडायच्या आत. तिच्या आजोबांची, बुधाआजांची बाग तळाशीच होती. मागचे दोन हिवाळे तिथला फुलोरा गळून गेला होता. यंदा झाडं पुन्हा फुलली होती. पण रात्री थंडीची लाट येणार असल्याचा इशारा दुपारीच आला होता. हाही बहर गेला, तर झाडं तोडून तिथे चारा लावायचा, असं वाडीच्या बैठकीत ठरलं होतं.

"मापाड्या, पुन्हा सांग," ती म्हणाली.

मापाडी म्हणजे सहा पायांचा यंत्रमानव. उतारावर फिरून तो मातीत सुई खुपसायचा, हवेचं तापमान मोजायचा, म्हणून वाडीने त्याला हे नाव दिलं होतं. पाठीवरच्या सौरपट्ट्या कलत्या उन्हाकडे वळवत तो बोलू लागला.

"माथ्यावर मुरमाचा पातळ थर आहे. मुळं खोल जात नाहीत, पाणी टिकत नाही, वारा फुलं झोडपतो. म्हणून शेंगा कमी. मधल्या टप्प्यावर तांबडी, निचऱ्याची माती आहे (म्हणजे जिच्यात पाणी तुंबत नाही अशी). तिथे शेंगा भरपूर. तळाशी माती खोल आणि काळी. तिच्यात पाणी साचतं खरं, पण तुझ्या आजोबांनी चर खणून ते काढून दिलं आहे. आणि शंभर मीटर खाली उतरलं, की हवा अर्ध्या अंशाहून थोडी जास्तच उबदार होते. हिशेबाने तळाशी शेंगा यायला हव्यात."

"पण येत नाहीत."

"येत नाहीत. का, ते मला सापडत नाही."

बागेच्या खालच्या कडेला बुधाआजा कुंपणात पेंढा ठासत होते. कारवीच्या काठ्यांचं डोक्याइतकं उंच कुंपण. भात झोडून झालं, की दर वर्षी ते त्यातली फट न् फट बुजवत. "थंडी वाऱ्यावर बसून येते," ते म्हणत. "बोटभर जागा ठेवायची नाही तिला."

सूर्य समोरच्या कड्याआड गेला. आजांनी बागेच्या वरच्या बांधावर शेकोटी पेटवली आणि सोनकी तिथे येऊन बसली. धूर थोडा वर गेला आणि वाकला. मग पाण्यासारखा उतारावरून खाली निघाला. कुंपणापाशी पोचताच थांबला. भाताच्या खाचरात पाणी भरावं तसा झाडांच्या बुंध्यांत पसरू लागला.

सोनकी उठून त्या धुरात उतरली. तिची अनवाणी पावलं बधिर झाली.

"मापाड्या, तू अंधार पडल्यावर कधी मोजलंयस?"

"नाही. ऊन गेलं, की थोड्याच वेळात मी बंद होतो. माझी सगळी मापं दिवसाची आहेत."

तिने बरोबर आणलेल्या कंदिलातली बॅटरी काढून त्याच्या पोटात बसवली. "कुंपणापाशी मोज. मग मधल्या बागेत जा, आणि पळत जा."

मापाडी परत आला तेव्हा अंधारून आलं होतं. "कुंपणापाशी नऊ अंश. मधल्या बागेत तेरा. हे उलटं आहे."

"का?"

"ऊन गेलं, की जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते. जमिनीला टेकलेली हवा गार होते. गार हवा जड, म्हणून ती घरंगळत तळाशी येऊन साचते. याला व्युत्क्रमण म्हणतात (तापमानाचा नेहमीचा क्रम उलटा होणं). मधला टप्पा तिच्या वर राहतो, म्हणून उबदार."

"आणि कुंपण तिला अडवतं," सोनकी म्हणाली. "आजा, कुंपण तोडायला हवं. आत्ता."

बुधाआजा शेकोटीपासून उठून कुंपणापाशी आले. "म्हणजे चोर घरात कोंडून मी वरून कडी लावत होतो म्हणतेस?"

"तो धूर बघ की."

"आणि रानडुकरं आली तर? तुझं हे यंत्र हाकलणार?"

"मला ओरडता येतं," मापाडी म्हणाला.

आजा हसले नाहीत. धूर फुलांच्या घोसांपर्यंत चढत होता. त्यांनी कंबरेचा कोयता काढला आणि स्वतः विणलेल्या कुंपणावर पहिला घाव घातला. सोनकी दोन्ही हातांनी पेंढा उपसू लागली. भगदाड पडलं, तरी धूर क्षणभर जागचा हलला नाही. मग त्याची एक बट फटीतून बाहेर डोकावली, आणि मागोमाग सगळा लोंढा खालच्या रिकाम्या खाचरांत उतरला.

"आणखी दोन ठिकाणी पाडू," आजा म्हणाले.

पहाटे माथ्यावर दव गोठून गवताची पाती कडक झाली होती. तळाची बाग मात्र मधल्या बागेपेक्षा जेमतेम एका अंशाने गार होती. बुधाआजांनी एक फांदी धरली, थोडे थांबले, आणि हलवली. दव पडलं. फूल एकही पडलं नाही.

पण सोनकीची नजर उताराखाली गेली. "मापाड्या, आपल्याकडची थंडी आता गेली कुठे?"

"खाचरांत. तिथून पुढे ठमाकाकूंच्या बागेत. तिथेही कुंपण आहे. ते उघडलं, तर नदीपर्यंत वाट मोकळी. साऱ्या खोऱ्यातल्या थंडीच्या वाटा शोधता येतील. मात्र रात्री मोजावं लागेल."

"मग चला," बुधाआजा वाटेला लागतही होते. "ठमाला उठवू. तिच्या कुंपणात पेंढा मीच ठासून दिलाय."