मच्छिंद्रचं पान

दार ओढून घ्या रे, अन् मोबाईल खाली ठेवा. हसतो काय बबलू? मस्तगडातल्या अपूर्वसोबत घडलंय हे, खोटं वाटलं तर त्यालाच विचार.

गेल्या वैशाखातली अमावस्या, रात्रीचे साडेदहा. तातेराव बियाणेवाल्याच्या हापिसात अपूर्व एकटा बसल्ता. काम किरकोळ. दुकानाच्या वेबसाइटवर आतल्या पानावर कुणी रिफ्रेश केलं, की 'पान सापडत नाही' असं यायचं. सर्व्हरला एक नियम लिहून द्यायचा: जे पान सापडणार न्हाई, त्याच्या जागी पहिलं पान, कपाशीच्या जाहिरातीचं, दाखव.

हाच नियम लिहायला मालकानं त्याआधीच्या पावसाळ्यात, अपूर्वच्या आधी हे काम पाहणाऱ्या मच्छिंद्रला हसनाबादहून रातोरात बोलावलं होतं. मच्छिंद्र स्वतः तापानं फणफणलेला, तरी मालक म्हणाला, "आत्ताच्या आत्ता ये, न्हाई तर येऊच नको." निघाला, पण पोचलाच न्हाई. मोटरसायकल अन् तो, दोन्ही पुलाखाली पुराच्या पाण्यात सापडले. मंग मालकानं वेबसाइटवर त्याचा फोटो लावून श्रद्धांजलीचं पान टाकलं. त्याची माय झुंबरबाई रोज निजायच्या आधी ते उघडायची. लेकाचा धड फोटो तेवढाच होता बिचारीकडं.

आता नवा हंगाम तोंडावर आल्ता. मालक म्हणाला, "गिऱ्हाईकाला मयत दाखवायची का? काढ ते पान." गरज सरो, वैद्य मरो! अपूर्वला लई वाईट वाटलं, पण नोकरी पडली ना. पान काढलं, फोटो काढला, नियम लिहिला.

थोड्या वेळानं फोन वाजला. झुंबरबाई.

"बाबा, माझ्या मच्छिंद्रच्या जागी कपाशीची जाहिरात दिसून राह्यली…"

"मावशी, सर्व्हर बंद आहे. सकाळी दिसेल."

खोटं बोलला. फोन ठेवला. पाहावं म्हणून त्यानं मच्छिंद्रच्या काढलेल्या पानाचा पत्ता टाकला.

मच्छिंद्रचा फोटो.

सर्व्हर तपासला. फोटो न्हाई. पान न्हाई. मुद्दाम भलताच पत्ता टाकला…

मच्छिंद्र.

दुकानाचं पहिलं पान उघडलं. मच्छिंद्र. केस ओले. फोटोत ओले नव्हते…

नेट तोडलं. तरी तोच. आता चेहरा जवळ आल्ता. अन् मागून मानेवर… तापलेला श्वास.

अपूर्व पळाला. चपला तिथंच.

सकाळी वेबसाइट बिलकुल बराबर. कपाशीच कपाशी. झुंबरबाईलाही कपाशीच. फक्त कीबोर्डवरचं एक बटण उपटलेलं होतं, पुसायचं, डिलीटचं. मालक हसला. "मेलेल्याला काय भ्यायचं?" म्हणाला, अन् नवा कीबोर्ड आणवला. रात्री हापिसाला स्वतः कुलूप लावलं, किल्ली उशाखाली घेऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी कुलूप जसंच्या तसं. नव्या कीबोर्डचंही तेवढंच बटण नव्हतं.