बांधावरचं पोर

श्रावणाच्या तोंडाशी चौकच्या बाजारात जिवतीचा कागद आणायला गेले, तेव्हाच रुचितासाठी रंगांची पेटी घेतली. रुचिता माझी धाकटी जाऊ. माझा लेक शौनक हायवेवरच्या अपघातात सापडला, तेव्हा मी जिवतीला बोलले होते, हा उठला तर गणपतीत आमच्या लोधिवलीतल्या पोरांना गाण्याचं चित्रपुस्तक वाटीन. तो उठला, पुण्याला नोकरीवर परत गेला. आता नवस फेडायचा. कविता माझी, चित्रं रुचिताची.

कविता साधीच. तिन्हीसांजेला कोंबड्या, वासरू, मांजर घरी परततात, आणि दर कडव्याशेवटी,

दिवा लागला, भात शिजला,
बाहेर कोण राहिलंय? घरी या!

पहिल्या शुक्रवारी पूजा केली. लेकरू परगावी असेल तर त्याचं नाव घेऊन चारी दिशांना अक्षता टाकायच्या, त्या त्याला पोचतात. पण खरं सांगते, सकाळपासून शेवटचं कडवं जुळत नव्हतं, डोकं नुसतं पिकलेलं. अक्षता टाकल्या आणि तोंडातून नाव निघालंच नाही. ओळ निघाली. "बाहेर कोण राहिलंय? घरी या."

जिवती आईच आहे, समजून घेईल, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रुचितानं कोंबड्यांचं चित्र आणलं. मागे दूर, भाताच्या बांधावर, एक लहान पोर उभं.

"हे कोण गं?"

"मला वाटलं तुम्हीच सांगितलंत, ताई."

"मी कशाला सांगू? माझ्या कवितेत माणूसच नाही!"

तिनं ते रंगानं झाकलं. वासराच्या चित्रात ते गोठ्यापाशी आलं. मांजराच्या चित्रात अंगणात, तुळशीजवळ. रोज आमची बाचाबाची. "हात आपोआप जातो हो," म्हणत ती रडकुंडीला यायची, आणि मी रोज पोथी वाचणारी बाई तिच्यावर खेकसायचे. खालापूरहून छापखानेवाला फोन करून पिडत होता. काम काही पुढे सरकेना.

भागूबाई भांडी घासायला येते. चित्र बघून म्हणाली, "काय गं रुचिता, पोर भिजतंय ना अंगनात. आत तरी घे त्याला. माया नाय का तुला?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. चित्रात पाऊस नव्हता. मी बोट लावलं. रंग केव्हाच वाळलेला, पण त्याच्या पायाखालचा कागद ओला होता...

शेवटच्या शुक्रवारी शौनक ओवाळून घ्यायला येणार होता. दुपारी रुचितानं शेवटचं पान आणलं. घर, उघडं दार, आत दिवा. अंगण रिकामं.

"गेलं बघा, ताई!"

किती दिवसांनी हसलो आम्ही. पान मी जिवतीपुढे ठेवलं, पुरण घाटलं, पाट मांडला.

दिवेलागणीला शौनकचा फोन आला. "आई, फाट्यावर उतरलोय. आपल्या दारातला दिवा दिसतोय. येतोच."

फाट्यापासून घर हाकेवर. निरांजन लावून बसले. वात जळत आली, तरी पोरगा दिसेना. पुन्हा फोन.

"आई... मी चालतोच आहे गं. दिवा तेवढाच लांब आहे... आणि तू दार का लावतेस?"

"दार सताड उघडं आहे रे बाळा."

"मग ते आतून कोण..."

फोन बंद पडला.

"ताई," रुचिता कुजबुजली. ती पानाकडे बघत होती. चित्रातलं दार मिटलेलं होतं. दूर बांधावर खांद्याला बॅग लावलेलं कुणीतरी उभं होतं.

मी मूठभर अक्षता घेतल्या, उंबऱ्यावर गेले आणि चारी दिशांना अंधारात टाकल्या. या वेळी नाव घेतलं, स्वच्छ, मोठ्यानं. "शौनक... घरी ये रे." जिवती ऐकते. आजवर तिनं माझं ऐकलंय.

मागे पाट सरकल्याचा आवाज झाला.

वळले. पाटावर कुणी नव्हतं. पाट ओला होता. आणि मी बाहेर टाकलेल्या अक्षता पाटाभोवती सांडल्या होत्या, मधोमध एका लहान मुलाला बसण्यापुरती जागा सोडून.